हनुवटीखालचा उजेड

नक्कल मुळापेक्षा चार बोटं लहान असली पाहिजे, हा नानांचा नियम होता. जळगावात त्यांच्याकडे तैलरंग शिकायला जो कुणी येई, तो ब्रश हातात धरायच्या आधी हा नियम शिके. कॅनव्हास चौकटीवर ताणून झाला की नाना तो मूळ चित्राच्या काठाला लावून धरत, उरलेल्या जागेत उजवा पंजा आडवा टेकवत आणि अंगठा सोडून चार बोटं बरोबर बसली की मान हलवत. "चोराची सोय करायची नाही," म्हणत. "सारख्या मापाची झाली की माणसाच्या मनात येतं."

माझ्याही मनात आलं. पण माप सारखं झालं म्हणून ते आलं नव्हतं. आधी मनात आलं, माप मी नंतर घेतलं. सत्तावीस वर्षं मी स्वतःलासुद्धा हे उलट्या क्रमाने सांगत होतो, म्हणून इथे सुरुवातीलाच सरळ करून ठेवतो.

नानांचा धंदा गेलेल्या माणसांचा. फोटोवरून तैलचित्र. कुणाचे वडील, कुणाची आई, एखाद्या शाळेचे संस्थापक. फोटो कसाही पुसट असो, नाना त्यातून माणूस बाहेर काढत, घरचे लोक चित्र घ्यायला आले की दारातच रडत. रविवारी मात्र पुढच्या खोलीत वर्ग भरायचा. पाच-सहा मुलं, जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास, आणि समोरच्या भिंतीवर ते चित्र.

चित्र एका जुन्या, वास्तववादी उस्तादाच्या चित्राची नक्कल होती. नाना मुंबईत शिकत असताना मूळ चित्र एका संग्रहात टांगलेलं होतं. परवानगी काढून ते सात महिने दर रविवारी त्याच्यासमोर बसले. दारात बसलेली म्हातारी, मांडीवर सूप, सुपात धान्य, डावीकडून येणारं ऊन. बस, एवढंच. उस्तादांनी सुपात बहुधा तांदूळ काढले असतील. नानांच्या हातून ती दादर झाली. आपल्याकडची रब्बीची ज्वारी, पिवळसर, मोत्यासारखी. ते स्वतः हसत सांगायचे, "काय करणार, हात जळगावचा."

त्या चित्रात नाना प्रत्येकाला एक गोष्ट दाखवत. हनुवटीखालची सावली. "काळी दिसते ना? काळी नाही ती. ऊन सुपात पडतं, दादरीवरून उठतं आणि हनुवटीला खालून लागतं. सावलीत परतलेला उजेड असतो. तो ज्याला दिसला, त्याला तैलरंग आला."

मला तो कधीच दिसला नाही. तीन वर्षं मी त्यांचा सगळ्यात जुना विद्यार्थी होतो, वर्गाची किल्ली माझ्याकडे असायची, आणि दर वेळी मी म्हणायचो, "हो नाना, दिसतो."

त्या सुमारास नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला ते घाबरत. चित्रकाराने डोळ्याला चाकू लावू द्यायचा, म्हणजे गवयाने गळ्याला, असं काहीतरी बोलून विषय टाळत. ऑर्डरी कमी झाल्या. वर्ग चालू होता, कारण ते चित्र त्यांना डोळे मिटूनही पाठ होतं. "डाव्या गालावर ये. आता खाली. आता थांब," असं ते खुर्चीत बसून सांगत आणि आम्ही काढत असू.

मला धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिक्षकाची नोकरी लागली. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मी नानांना म्हटलं, चित्र सहा महिने न्यायला द्या, तिथे कुणी शिकवणारं नाही.

"ते इथून हलत नाही," नाना म्हणाले. "पाहावंसं वाटलं तर ये. धुळं काय विलायत आहे? सकाळच्या गाडीने निघ, दुपारी जेवायला अक्कांकडे, संध्याकाळी परत."

अक्का म्हणजे नानांची बायको. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. तिने आतून सांगितलं, "ये ना भाऊ. पण येताना हात हालवत येऊ नको, धुळ्याचं काहीतरी लई ये!"

मी हसलो. आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण मापाचं कापड विकत घेतलं.

पुढच्या रविवारी नानांनी विचारलं, "आणखी एक नक्कल सुरू केलीस म्हणे? माप घेतलं?"

"घेतलं, नाना."

"चार बोटं?"

"चार बोटं."

बाकीच्यांचं माप ते स्वतःच्या हाताने घेत. माझं घेत नसत.

अडीच महिने खपून मी ती नक्कल केली. ती चांगली झाली, हे लिहिताना अजूनही मनात कुठेतरी सुखावतो, म्हणून तेही लिहितो. कॅनव्हासच्या मागे नानांनी तपकिरी रंगात लिहिलं होतं, 'मुळावरून, चार बोटं लहान', आणि खाली त्यांची सही. ते अक्षरही मी गिरवलं. चौकटीवर धूळ चोळली, कापडाला मागून चहाचं पाणी लावलं. म्हणजे 'तरुण होतो, मोह झाला' असं म्हणायला मी जागा ठेवलेली नाही. मोह चहाचं पाणी लावत बसत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्ग बंद असायचा. नाना आणि अक्का तिच्या माहेरी, बोदवडकडे गेले. किल्ली माझ्याकडे होती. भर दुपारी गल्लीत पोरी झोके घेत होत्या, गाणी चालली होती, मी आत फ्रेमचे खिळे काढत होतो. अर्ध्या तासात माझं चित्र भिंतीवर होतं आणि नानांचं माझ्या चादरीत.

एसटीत कंडक्टरने विचारलं, "काय आहे ते?"

"आरसा."

"मग मांडीवर उभा धर भाऊ. फुटला तर मी भरून देणार नाही."

पारोळा जाईपर्यंत मी तो आरसा उभा धरून बसलो होतो. शेजारची बाई म्हणाली, "लग्नाचा आहे का?" मी हो म्हटलं. त्या दिवशी कुणी काही विचारलं की मी हो म्हणत होतो.

धुळ्यात भाड्याच्या खोलीत पूर्वेला एक खिडकी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चित्र तिच्याशेजारी टेकवलं, दात घासत उभा राहिलो, आणि म्हातारीच्या हनुवटीखाली उजेड दिसला. मंद, पिवळसर, जेमतेम बोटभर रुंद. सुपातून उठून तिथे येऊन थांबलेला. नानांच्या खोलीत ऊन येत नव्हतं म्हणून की माझ्या घाईमुळे, कुणास ठाऊक, पण तीन वर्षं जे हुकलं होतं ते तोंडात टूथब्रश असताना दिसलं.

आणि लगेच दुसरं कळलं. मी भिंतीवर टांगून आलेल्या चित्रात तो उजेड नाही. तिथे मी नुसता गडद तपकिरी रंग भरला होता.

परत जाऊन निदान तेवढं दुरुस्त करता आलं असतं. मी गेलो नाही. शाळा सुरू होणार होती, असं कारण होतं.

दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा वर्ग चालू होता. नवी मुलं माझ्या चित्रावरून शिकत होती. नाना खुर्चीतून काठीने दाखवत होते, "हनुवटीखाली बघा. दादरीचा उजेड. दिसतो का?"

मुलं म्हणाली, "हो नाना."

मला ठाऊक होतं, तिथे काही नाही. पण गुरू विचारतो आहे म्हटल्यावर हो म्हणायचं, ही आपली रीत. मीही तेच केलं होतं. मुलं हो म्हणून खाली बघत आणि समोर होता तसा काळा रंग लावत.

अक्का चहा घेऊन आली. नानांनी गमतीने तिलाही विचारलं, "तुला दिसतो का गं उजेड?"

तिने कपबशा खाली ठेवल्या, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिलं. "माले तं काहीच दिसत नही. काळंच शे बठ्ठं."

अक्काच्या अहिराणीतलं ते 'सगळं काळंच' ऐकून सगळे हसले. एक मुलगा म्हणाला, "अक्का, तुम्हालाच चष्मा लागला." मीसुद्धा हसलो. माझं हसणं जरा जास्तच मोठं झालं असावं, कारण अक्काने माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "हास, हास. चहा ले."

पुढे दोन वर्षांनी अक्काच्या हट्टाने नानांचं ऑपरेशन झालं. मी केळी घेऊन भेटायला गेलो. केळ्यांच्याच जळगावात केळी नेणारा मी एकटाच, यावर अक्काने मला यथेच्छ झोडपलं. नाना पुढच्या खोलीत होते. पट्टी निघाली होती. ते चित्रासमोर उभे होते, खूप जवळ, नाक लागेल इतके.

"ये," म्हणाले. वळले नाहीत. "हे बघ."

मी मागे जाऊन उभा राहिलो.

"इथे उजेड होता असं मला वाटत होतं. तीस-पस्तीस वर्षं वाटत होतं. पोरांना सांगत होतो." त्यांनी बोट हनुवटीजवळ नेलं, चित्राला लावलं नाही. "इथे काही नाही रे. नुसता रंग फासलाय. गालही मेलेला आहे. माझी आयुष्यातली एकच गोष्ट बरी झाली, असं मी धरून चाललो होतो. ती मनातच बरी होती म्हणायची."

मी म्हणालो, "नाना, डोळे अजून सरावायचेत."

हे माझे शब्द आहेत. दुसरं वाक्य तोंडाशी होतं. "नाना, हे तुमचं नाही, माझं आहे," सहा शब्द. आत अक्का भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, डोळे सरावायचेत.

"डोळे आत्ताच चांगले झालेत," नाना म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तैलरंगाचा वर्ग बंद केला. गेलेल्या माणसांची चित्रं घेणंही सोडलं. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, लहान मुलांना पेन्सिल शिकवली. लोकांना वाटलं फोटोच मोठे छापून मिळायला लागले, ऑर्डरी संपल्या. मलाही तसंच वाटलं, असं मी लोकांना सांगायचो.

त्यांचं चित्र माझ्या घरी कपाटामागे, चादरीतच राहिलं. ज्याच्यासाठी चोरलं ते शिकणं त्यातून फारसं झालं नाही. चार-सहा महिन्यांतून कधी घरी कुणी नसताना काढायचो, खिडकीशी लावायचो आणि मिनिटभरात नजर दुसरीकडे जायची. लग्नानंतर बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं, जुनी नक्कल आहे, खास नाही. शाळेत मुलांना हजारदा सांगितलं असेल की सावली काळी नसते. कुठून शिकलो ते सांगितलं नाही.

परवाच्या हिवाळ्यात चित्रकलेच्या परीक्षेच्या कामासाठी फैजपूरच्या एका शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा प्यायला बसवलं. समोर भिंतीवर म्हातारी, मांडीवर सूप. आकाराने जरा लहान. मी उठून जवळ गेलो. हनुवटीखाली काळं.

"आमच्या आधीच्या सरांनी काढलंय," मुख्याध्यापक म्हणाले. "जळगावला शिकायला जायचे ते. सर सांगायचे, यात हनुवटीखाली उजेड आहे. तुम्ही चित्रातले, तुम्हाला दिसत असेल."

मी चहा अर्धा ठेवला. माझी चूक चार बोटं लहान होऊन इथपर्यंत आली होती. त्या दोन वर्षांत आठ-नऊ जण तरी शिकून गेले असतील. म्हणजे आणखी आठ-नऊ भिंती.

तरीही मी नानांकडे गेलो नाही. हे पण लिहिलं पाहिजे. फैजपूरहून धुळ्याची वाट जळगावातून जाते, आणि मी गाडी बदलून पुढे गेलो.

गेलो तो अक्काचा फोन आल्यावर. नाना आता पंच्याऐंशीचे. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा आजार, या वेळी ऑपरेशनने सुटणारा नव्हता. उजेड-अंधार एवढंच कळतं. अक्का म्हणाली, "ते आवराआवर कऱ्हाले लागनात. सांगतस, भिंतीवरलं चित्र तुले द्यावं. तुले भलतं आवडे ना ते. येशी का?"

फोन ठेवला. मग कपाट सरकवून चादर सोडली आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"म्हणून तू हे कधी भिंतीवर लावू दिलं नाहीस," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी येऊ का बरोबर?"

"नको."

"बरं. पण एसटीत आरसा म्हणू नकोस."

जळगावला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. नाना पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते, तोंड चित्राकडे. सवयीने. मी पाया पडलो, चादरीतलं चित्र भिंतीला टेकवलं आणि उभ्यानेच बोललो. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "भिंतीवरचं चित्र माझं आहे नाना. तुमचं मी नेलं होतं. आखाजीला. ते आणलंय."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. अक्का दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ.

"माप?" नानांनी विचारलं.

"बरोबरीचं."

"चार बोटं म्हणाला होतास."

"खोटं बोललो."

"म्हणजे ठरवून."

"ठरवून."

"मागचं अक्षर?"

"गिरवलं."

नानांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली, एकदा, दोनदा. अक्काच बोलली. "सत्तावीस वरीस! तुन्ही जीभ कोठे व्हती रे? इथे बसी बसी माना हातना वरण-बट्टी खादात, तवय नही सांगता उनं?" तिचा आवाज फाटला. "या माणूसनी रंगनं डबं भंगारले टाकं. तुले माहीत व्हतं."

"माहीत होतं, अक्का."

"डोळे परत आले त्या दिवशी," नाना हळू म्हणाले, "तू माझ्या मागे उभा होतास."

"हो."

"डोळे सरावायचेत म्हणालास."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हिशोब लागल्यासारखे मान हलवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे ते मला वाचता येत नव्हतं. तेवढा मी चांगला चित्रकार कधीच नव्हतो.

मग ते म्हणाले, "उजेड आहे?"

"आहे नाना. हनुवटीखाली. बोटभर. पिवळसर."

"आहे ना?" ते हसले, पण कडू. "तू तर तेव्हाही हो म्हणायचास. सगळेच म्हणायचे. आता मला दिसत नाही आणि सांगायला तू आलास."

खरं होतं. मी चित्र परत आणलं होतं, पण ते त्यांचं आहे, ते चांगलं आहे, याला साक्षीदार एकटा मी होतो. माझ्या शब्दाला काय किंमत होती? मी चित्र उचलून त्यांच्या हातात द्यायला गेलो, त्यांनी हात मागे घेतला. चित्राला हात लावायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम.

"तू बघ गं," नाना म्हणाले.

अक्काने पदराला हात पुसले. मी चित्र दाराशी नेलं, जिथे बाहेरचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ती वाकली. मला वाटलं ती नवऱ्याच्या समाधानासाठी लगेच हो म्हणेल. ती म्हणाली नाही. डोळे बारीक करून तिने आधी सूप पाहिलं, मग वर, मग परत सूप. मान एका बाजूला केली. वर भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे एकदा पाहून घेतलं. गल्लीत भाजीवाला ओरडत गेला, त्याच्याकडे एरवी ती धावली असती.

"दिसस," ती म्हणाली.

नानांनी मान तिच्याकडे वळवली.

"दिसस हो. दादरना उजेड पडेल शे. इथे, गळाना वर." तिने स्वतःच्याच हनुवटीखाली बोट लावलं. "त्या चित्रमा नही. यामा शे."

नानांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. डोळे उघडेच होते. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, उंबऱ्यावरच्या उन्हाकडे पाहत होतो. अक्का आत गेली आणि थोड्या वेळाने भाकरी थापायचा आवाज परत सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात.

"दोन्ही चित्रं इथेच राहतील," शेवटी नाना म्हणाले. "शेजारी शेजारी लाव. तुझ्या चित्रामागची माझी सही खोड आणि खरं लिही."

"लिहितो."

"आणि त्या दोन वर्षांत जे शिकून गेले, त्यांना सांगायचं काम तुझं. ती पोरं हो म्हणाली म्हणून मी त्यांना मनात लबाड म्हणत आलो. स्वतःलाही. त्यांना सांग, नाना जे सांगत होते ते होतं. फक्त भिंतीवर नव्हतं."

"सगळ्यांचे पत्ते नाहीत, नाना."

"तर मग लिही. वाचतील."

म्हणून हे लिहिलं. जळगावात ज्यांनी कुणी त्या दोन वर्षांत दारातली म्हातारी काढली, त्यांच्यासाठी. फैजपूरला मी स्वतः जाऊन आलो.

माफ केलं असं नाना म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही. जेवायला थांब असं अक्काही म्हणाली नाही, पण निघताना तिने पाणी हवं का विचारलं. मी दारात चप्पल घालत असताना नानांनी हाक मारली.

"रविवारी मोकळा असतोस?"

"असतो."

"कापड ताणून आण. माझ्या चित्रावरून एक कर. दाराशी बसून, उन्हात."

गेल्या रविवारी घेऊन गेलो. धुळ्यात मोजताना तीनदा मोजलं होतं, तसं नानांना सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही. चित्र खुर्चीशी आणायला लावलं, माझा कॅनव्हास त्याच्या काठाला लावायला लावला, आणि चाचपडत पंजा मधल्या जागेत आडवा टेकवला. एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी पहिल्यापासून परत मोजली.

"बस आता," म्हणाले.